गोव्यात पेंटबॉल टुर्नामेंट: खिशाला परवडणारं मैदान आणि वेळेवर जेवण कसं ठरवायचं

पेंटबॉलची, म्हणजे गनने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाची, टुर्नामेंट भरवायचं ठरलं की मैदानवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला: दिवसाचं भाडं किती? त्या एका आकड्यावर मैदान पक्कं होतं. मग दोन आठवड्यांनी कळतं की तिथे नळ नाही, टेम्पो आत वळत नाही आणि केटरर म्हणतोय, एवढ्या आत यायचं तर ताटामागे वाढवून द्या. गोव्यात स्वस्त मैदान मिळतं. अवघड असतं ते सावली, पाणी, संडास आणि शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण धरून होणारा एकूण आकडा आवाक्यात ठेवणं. म्हणून मैदान आणि जेवण हे दोन निर्णय एकत्रच घ्यायचे. पहिल्यांदाच टुर्नामेंट घेणारी मंडळं, कॉलेजची पोरं आणि नवे क्लब यांच्यासाठी कामं ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १: आधी सामने मोजा

स्पर्धात्मक पेंटबॉल म्हणजे बहुतेक वेळा स्पीडबॉल. सपाट मैदान, दोन्ही बाजूंना आरशासारखे सारखे मांडलेले हवा भरलेले बंकर (लपायचे आडोसे), आणि समोरासमोर तीन-तीन किंवा पाच-पाच खेळाडू. मोठ्या स्पर्धांत मैदान साधारण १५० बाय १२० फुटांचं धरतात. नवख्यांच्या तीन-तीनच्या सामन्यांना त्याहून लहान चालतं.

समजा १६ टीम आहेत आणि पाच-पाचचा सामना आहे. चार-चार टीमचे चार गट केले तर प्रत्येक गटात ६ सामने, म्हणजे साखळीचे २४. पुढे चार उपउपांत्य, दोन उपांत्य आणि फायनल मिळून ७. एकूण ३१. टीम आत येणं, गनचा वेग तपासणं, खेळ आणि मैदान पुसणं धरून सामन्याला १२ मिनिटं दिली तर ३७२ मिनिटं होतात, सव्वासहा तासांना जरा कमी. सकाळी ८ ला सुरुवात केली, मधे रखडपट्टी झाली, तरी चार-साडेचारपर्यंत एका मैदानावर आटपतं. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे दिव्यांचा खर्च वाचला. २४ टीम घेतल्या की दुसरं मैदान किंवा दुसरा दिवस आलाच, आणि दुसरा दिवस म्हणजे दुसऱ्या दिवसाचं जेवणही. पहिल्या वर्षी १६ वर थांबा, असं माझं मत आहे.

याच हिशेबातून माणसं निघतात. टीममागे पाच खेळाडू आणि एक राखीव, म्हणजे ९६. वर पंच, स्वयंसेवक, ड्रायव्हर आणि फोटो काढणारा. १२० ताटं धरून चाला.

पेंटचा, म्हणजे रंगाच्या गोळ्यांचा, अंदाजही आत्ताच काढून ठेवा. ०.६८ इंचाच्या गोळ्यांची पेटी २००० ची येते. एका खेळाडूला एका सामन्यात १०० गोळ्या असं बंधन घातलं तर ३१ सामने गुणिले १० खेळाडू, म्हणजे ३१,००० गोळ्या आणि १६ पेट्या. हा आकडा हाताशी नसेल तर पुढच्या पायरीत मैदानवाला तुम्हाला सहज गुंडाळेल. कसा, ते तिथे सांगतो.

पायरी २: महिना निवडा

जून ते सप्टेंबर सोडून द्या. पाऊस तर आहेच, पण हवेतल्या दमटपणाने गोळ्यांचं जिलेटिनचं कवच फुगतं आणि गोळी नळीतच फुटते. ऑक्टोबरात पाऊस पूर्ण गेला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

मग उरतो नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यातही खाचाखोचा आहेत. २० नोव्हेंबरच्या पुढे पणजीत इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो आणि राजधानीतल्या खोल्या महागतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव). नाताळच्या आठवड्यापासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत किनारपट्टीवर टॅक्सी, खोली, केटरर, मंडपवाला यांपैकी कुणीच तुमच्या भावात येणार नाही. फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हलचे चार दिवस, मग शिगमो (गोव्यातला होळीचा उत्सव). शिवाय गावोगावच्या जत्रा याच दिवसांत असतात, आणि देवळासमोरच्या किंवा पंचायतीच्या मैदानावर तेव्हा दुकानं लागतात, रात्री नाटक असतं. तारीख जाहीर करण्याआधी त्या गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला जत्रा कधी ते विचारा. कॅलेंडरपेक्षा त्याचं उत्तर भरवशाचं.

जानेवारीचा मधला पंधरवडा आणि कार्निव्हल सोडून फेब्रुवारी हा मला सगळ्यात सोयीचा काळ वाटतो. हवा कोरडी, भाव उतरलेले आणि उन्हाचा कडाका अजून दूर.

पायरी ३: कुठल्या प्रकारचं मैदान

तयार पेंटबॉल फील्ड. उत्तर गोव्याच्या पर्यटनपट्ट्यात अशी ठिकाणं आहेत. जाळी, बंकर, भाड्याच्या गन, मास्क, हवा भरायची सोय हे सगळं जागेवर असतं, त्यामुळे नवख्यांनी आधी इथेच चौकशी करावी. पण बरेच फील्डवाले एक अट घालतात: पेंट आमचाच घ्यायचा. मैदान जवळजवळ फुकट देतो असं सांगायचं आणि पेटीमागे वसूल करायचं. म्हणून भाड्याची घासाघीस करण्याआधी पेटीचा भाव विचारा आणि आपल्या १६ पेट्यांनी गुणा. आकडा पाहून बोलणी कुठे करायची ते आपोआप कळेल. आठवड्याच्या मधल्या वारी किंवा पर्यटक कमी असलेल्या महिन्यात हेच लोक बरेच खाली येतात.

फुटबॉल टर्फ. दिसायला सोपं, प्रत्यक्षात नको. पाच-पाचच्या फुटबॉलसाठीची टर्फ लहान पडते. बाजूची जाळी फुटबॉल अडवण्यासाठी असते, तिच्या भोकांतून १७ मिलिमीटरची गोळी सरळ शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते. वर रंगाचे डाग आणि घसरडेपणा, त्यामुळे मालकही नाखूश.

पंचायतीचं, शाळेचं किंवा क्रीडा प्राधिकरणाचं मैदान. भाडं माफक, संडास आणि पाणी बहुधा असतं, रस्ता चांगला. अडचण एकच: गावचं मैदान कागदावर कुणाचंही असो, संध्याकाळी चारनंतर ते फुटबॉलवाल्या पोरांचं असतं. त्यांना आधी भेटा. त्यांच्या क्लबलाच स्वयंसेवकांचं किंवा चहापाण्याचं काम द्या. परवानगीचा कागद असूनही भर स्पर्धेत वाद होतात ते अशा भेटी न घेतल्यामुळेच.

कापणी झालेलं शेत. बार्देश-सासष्टीत भातकापणीनंतर शेतात फुटबॉल रंगतो हे आपण सगळे बघतो. पेंटबॉललाही जमीन छान, पडलं तरी लागत नाही. मात्र ते सरद (फक्त पावसाळी भाताचं) शेत आहे की तिथे वायंगण (हिवाळ्यातलं दुसरं पीक) घेतात ते विचारा. वायंगणाच्या शेतात नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुन्हा पाणी सोडतात. शिवाय मालक एक आणि कसणारा कूळ दुसरा असं असतं. दोघांचीही संमती लेखी घ्या.

भाट. म्हणजे नारळाची किंवा काजूची बाग. झाडांमधला खेळ खेळायचा असेल तर हे सगळ्यात देखणं ठिकाण, सावली फुकट. काजूच्या भाटाचा विचार असेल तर फेब्रुवारीच्या पुढे विसरा, कारण बोंडू (काजूची फळं) पडायला लागले की भाटकार (बागेचा मालक) कुणाला पाय ठेवू देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. नारळाच्या भाटात एक काम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करायचंच: पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलावून नारळ आणि सुकलेली चुडतं (झावळ्या) उतरवून घ्या. मास्क चेहरा वाचवतो, माडावरून सुटलेल्या नारळापुढे तो काय करणार? पाडेलीची मजुरी कोण देणार हे करारात लिहा. उतरवलेले नारळ भाटकाराचे, हे न सांगताही समजून घ्या. त्यातले शंभरेक शहाळी म्हणून त्याच्याकडूनच विकत घेतलीत तर भाड्यात सूट मागायला तोंड राहतं.

सडा. म्हणजे कातळाचं पठार. पेडणे, डिचोलीकडे विस्तीर्ण मोकळे सडे आहेत, भाडं नाममात्र. पण खाली जांभा दगड. बंकरच्या खुंट्या त्यात शिरत नाहीत, वाळूच्या गोणी ठेवाव्या लागतात, आणि गुडघ्यावर घसरत बंकर गाठणारा खेळाडू सोलवटून निघतो. सावली शून्य. मातीचा जाड थर असेल तरच बघा.

समुद्रकिनाऱ्याचा मोह होईल, तो आवरा. सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध आहेत, आणि मोरजी, मांद्रे-आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे नेमक्या याच महिन्यांत कासवं अंडी घालायला येतात. अभयारण्यांच्या हद्दीला लागून असलेल्या जागा आणि बंद पडलेल्या खाणींचे खड्डे हेही यादीतून काढून टाका.

पायरी ४: भर दुपारी जागा बघायला जा

सकाळी सात वाजता कुठलीही जागा सुंदर दिसते. बारा ते दोनमध्ये जा आणि तासभर थांबा. सावली कुठे पडते, टीमना बसायला किती मंडप लागेल, ते तेव्हाच कळतं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. तो कुठून येतो ते बघून जेवणाची जागा ठरवा, नाहीतर मैदानाची धूळ ताटात. मैदान लांबीने उत्तर-दक्षिण मांडता आलं तर उत्तम, कारण पूर्व-पश्चिम मांडलं की एका टीमच्या डोळ्यांत सूर्य येतो आणि तक्रारी सुरू होतात.

टेम्पो आणि रुग्णवाहिका आतपर्यंत येते का ते स्वतः चालून बघा. गोव्यातले वाड्यांकडे जाणारे रस्ते दोन कुंपणांच्या मधून जातात, समोरून गाडी आली की रिव्हर्स. १०८ ला कळवण्यासारखा पत्ता आणि जवळची खूण लिहून ठेवा. जवळचं सरकारी इस्पितळ कुठलं तेही: म्हापशाचं, फोंड्याचं, मडगावचं की थेट बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज).

जाळी बाहेरून आणणार असाल तर तुकडा मागवून त्याच्यावर तीन-चार मीटरवरून गोळी मारून बघा, मगच ऑर्डर द्या. उंची कमीत कमी वीस फूट धरा. गन वर करून मारली तर गोळी शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकते. तेवढ्या टप्प्यात घर, रस्ता किंवा गुरांची वाट असेल तर ती बाजू खेळासाठी नाही.

एक बंद खोली मागा, निदान पडवी. गोळ्यांच्या पेट्या उन्हात ठेवता येत नाहीत आणि बर्फाजवळही नाही. सिलिंडरसाठीही सावलीच हवी. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या गनचा दाब उन्हात चढतो आणि त्याबरोबर गोळीचा वेगही. सकाळी ८ ला २८० फूट प्रतिसेकंद दाखवणारी गन दुपारी ३०० ची मर्यादा ओलांडू शकते, म्हणून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) दुपारच्या जेवणानंतर सगळ्या गन पुन्हा तपासायच्या. दाबाखालच्या साध्या हवेवर चालणाऱ्या गनना हा त्रास कमी. ४८ क्यूबिक इंचांची, ३००० पीएसआय दाबाची बाटली ढोबळमानाने ५०० शॉट देते. फील्डवर कॉम्प्रेसर नसेल तर गोव्यात एक सोय हाताशी आहे: डायव्हिंगवाले. त्यांच्या मोठ्या टाक्यांमधून योग्य अडॅप्टरने या बाटल्या भरता येतात. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि बाटल्यांची चाचणीची तारीख उलटलेली नाही ना ते बघा.

पायरी ५: खरं भाडं काढा

आता कागद घ्या. उदाहरणापुरते आकडे मनाचे धरू. पहिली जागा आतल्या गावात, भाडं ५,००० रुपये. दुसरी रस्त्यालगतचं शाळेचं मैदान, भाडं १८,०००. पहिल्या जागेवर फिरते संडास ९,०००, पाण्याचा टँकर २,५००, जनरेटर आणि डिझेल ६,०००, जादा मंडप ८,०००, केटररची जादा वाहतूक ३,०००. झाले ३३,५००. शाळेत संडास, नळ, वीज आणि जेवायला व्हरांडा आहे, वर ४,००० चा छोटा मंडप आणि ३,००० सफाईचे. झाले २५,०००. तुमच्या आकड्यांत फरक पडेल, पण ही बेरीज केल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका.

शिवाय विचारा: मांडणीच्या आदल्या दिवसाचं आणि सफाईच्या दुसऱ्या दिवसाचं भाडं यात आहे का? बाहेरचा केटरर चालतो का, की तुमच्याच कँटीनमधून घ्यायचं? पाऊस पडला तर पैसे परत की पुढची तारीख? रिसॉर्टवाले आणि हॉलवाले ही केटररची अट शेवटी सांगतात. एका ठिकाणी आम्हाला ती अनामत भरून पावती हातात पडल्यावर सांगण्यात आली.

पायरी ६: कागदपत्रं

थोडक्यात सांगतो, पण हे सोडू नका. जागामालकाची लेखी संमती, पंचायतीचा किंवा पालिकेचा ना हरकत दाखला, स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी सूचना. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी, आणि रात्री १० नंतर तो बंद. पेंटबॉलच्या गन लांबून खऱ्या वाटतात, त्यामुळे पोलिसांना आणि शेजारच्या चार घरांना आधी सांगणं फार कामाचं. गन ज्यांच्याकडून भाड्याने घेता त्यांच्याकडे त्यांचे कागद मागा, प्रत फाइलला लावा. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर तारीखच पुढे ढकला.

बाहेरगावच्या टीमना कळवा की भरलेल्या सिलिंडरसह रेल्वेने किंवा विमानाने येऊ नका, हवा इथे मिळेल. आणि म्हापशाच्या बसस्टँडवर गन पिशवीबाहेर काढू नका, हेही.

राहण्याचा प्रश्न निघतोच. कळंगुट-बागाचा नाद सोडून म्हापसा, डिचोली, फोंडा इथे लॉज बघा. फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळा (भाविकांच्या राहायच्या खोल्या) स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण तिथे भाविकांना प्राधान्य, मांस-मद्य नाही, आणि रंगाने माखलेल्या कपड्यांनी पोरं आवारात फिरली तर पुढच्या वर्षी दार बंद. टीमला हे पटणार असेल तरच सुचवा.

पायरी ७: जेवण कोण करणार

मोठ्या केटररला १२० ताटं म्हणजे किरकोळ काम. तो लग्नाचा मेनू कापून देईल आणि लग्न आलं तर तुम्हाला टांग देईल. गावातले स्वयंसाहाय्य गट जास्त भरवशाचे. गोव्यात शाळांचा माध्यान्ह आहार अशाच गटांकडून येतो. शेकडो मुलांची भाजी-पाव ठरल्या वेळेला दारात पोचवायची त्यांना सवय असते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. रविवारी त्यांना शाळेचं काम नसतं. एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची) नोंदणी आहे ना ते बघून घ्या, आणि एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन जेवून या.

बोलणी करताना मेनूच्या आधी वेळ बोला. पेंटबॉलच्या टुर्नामेंटला पंगत बसत नाही. सामने चालूच असतात, दर वेळी दोन टीम आत, दोन तयारीत, बाकीच्या मोकळ्या. म्हणजे जेवण १२ ते अडीच सतत गरम राहायला हवं आणि वाढणारी माणसं तेवढा वेळ तिथे हवीत. बरेच केटरर डबे ठेवून साडेबाराला निघून जातात. म्हणून वाढप्यांची संख्या आणि सुटायची वेळ लिहून घ्या.

करारात आणखी चार गोष्टी: किती ताटांचे पैसे नक्की (मी ११० नक्की आणि १० वर-खाली असं ठेवतो), भावात जीएसटी धरला आहे की वेगळा, ताटं-पेले कुणाचे, उरलेलं अन्न आणि ओला कचरा कोण नेणार. एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, तेव्हा स्टीलची ताटं किंवा पत्रावळी सांगा.

पायरी ८: मेनू

सकाळी साडेसात: भाजी-पाव आणि चहा. पातळ भाजी आणि सुकी भाजी एकत्र करून दिली की कुणी तक्रार करत नाही. माणशी तीन पाव, म्हणजे ३६०. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा, फेरीवर आलेल्या पोदेराच्या टोपलीत ३६० पाव नसतात. उंडे (गोल, जाडसर पाव) घेतले तर दोन पुरतात आणि रस्सा चांगला धरतात. मिरची भजी मागितली जाईल. देऊ नका. तेलकट खाऊन मास्कमध्ये धापा टाकणारा खेळाडू तिसऱ्या सामन्याला बसून राहतो.

दहा-साडेदहा: पेज. हो, पेजच. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, पातळ, सोबत मिस्कूट किंवा साधं आंब्याचं लोणचं. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ आणि पाणी एकदम मिळतं, आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. पुण्या-मुंबईच्या टीम आधी भांड्यात वाकून बघतात, मग दुसरा पेला मागतात. ज्यांना नको त्यांना साळदाटी केळी.

दुपारी: इथे मोह होतो तो नुस्त्याच्या हुमण-भाताचा. गोव्यात आलोय तर मासे हवेतच, असं बाहेरच्या टीम म्हणणार. पण काटे, रंगाचे हात, घाईचं जेवण आणि वर जड भात, यांचा मेळ बसत नाही. मासळीचा भावही आदल्या दिवशीपर्यंत नक्की सांगता येत नाही. मी चिकन शागोती आणि पाव, थोडा भात, शाकाहाऱ्यांना खतखतें किंवा मुगागाठी, असं ठेवतो. नारळाच्या वाटणाचं कालवण उन्हात फार काळ टिकत नाही हे लक्षात ठेवा. ते अकराच्या आधी मैदानावर आणू नये, ६० अंशांच्या वर गरम ठेवावं आणि अडीचनंतर उरेल ते वाढू नये. याच कारणाने सोलकढी नको. नारळाच्या दुधाची सोलकढी दुपारी दीडला फाटलेली बघायची नसेल तर कोकम सरबत द्या, त्यात साखर कमी आणि मीठ जरा जास्त.

शाकाहारी किती ते नावनोंदणीच्या अर्जातच विचारा. रविवारी संकष्टी आली, मार्गशीर्ष चालू असला, किंवा कार्निव्हलनंतरचा उपासाचा काळ असला की हा आकडा एकदम बदलतो. एखादा शाकाहारी खेळाडू गोळीतल्या जिलेटिनबद्दलही विचारेल. ते प्राण्यांपासूनच येतं, स्पष्ट सांगावं.

पाणी माणशी चार लिटर धरा. १२० माणसांना ४८० लिटर, म्हणजे २० लिटरचे २४ जार. दोन ठिकाणी ठेवा, एक जेवणाजवळ, एक टीमच्या मंडपात. ओआरएसची पाकिटं पंचांकडे.

दारू बक्षीस समारंभापर्यंत नाही, आणि त्यानंतर द्यायची असेल तर अबकारी खात्याची परवानगी लागते. मार्चमध्ये कुणीतरी उर्राकाची (काजूच्या दारूची) बाटली गाडीत घेऊन येतोच. प्यायलेला माणूस मैदानात दिसला तर टीम बाद, हा नियम अर्जावर छापा.

पायरी ९: जेवणाची जागा

मास्क काढायची परवानगी फक्त जाळीच्या बाहेर, आणि जेवणाचा मंडप जाळीपासून लांब, मैदानाच्या लांबीच्या बाजूला नव्हे, कोपऱ्यापलीकडे. मंडपाच्या तोंडाशी एक टेबल: नळीवर कव्हर चढवायचं, गन तिथेच ठेवायची, हात धुवायचे, मग आत. त्या टेबलावर एक कडक स्वभावाचा माणूस बसवा. जेवणाची कुपनं कॅप्टनच्या हातात सकाळीच द्या, दोन रंगांत, एक शाकाहारी आणि एक सामिष. त्यावर टीमची जेवायची वेळ लिहा, म्हणजे सामन्याच्या आधीच्या अर्ध्या तासात कुणी ताट घेऊन बसणार नाही.

पायरी १०: आवराआवर

फायनल संपली की सगळे फोटोत असतात, म्हणून सफाईची माणसं आधीच वेगळी नेमा. रंग पाण्याने जातो, तो तितका महत्त्वाचा नाही. न फुटलेल्या गोळ्या मात्र एकूण एक वेचा. गावातली कुत्री त्या खातात आणि आतल्या द्रव्याने ती गंभीर आजारी पडतात. गुरं सोडायच्या आत, म्हणजे त्याच संध्याकाळी हे व्हायला हवं. बादली हातात देऊन पोरांना ओळीने चालायला लावा. बादलीभर गोळ्या आणणाऱ्याला शहाळं.

ओला कचरा स्वयंसाहाय्य गटाकडे किंवा भाटकाराच्या खड्ड्यात, सुका पंचायतीच्या ठरलेल्या जागी. मग जागामालकाला बरोबर घेऊन मैदानाची एक फेरी मारा, मोबाइलवर फोटो काढा आणि तिथल्या तिथे अनामत परत मागा. दुसऱ्या दिवशी मागितली तर कुंपणाचा एक खांब नक्की वाकलेला निघतो.